मेंढी गेली, पण उशीर झालेला नाही : छंग-यू समजून कशी घ्यावी, वापरावी कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात चिनी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन वर्षांत दोनशेच्या वर छंग-यू, म्हणजे चार अक्षरी चिनी वाक्प्रचार, पाठ केल्या आहेत. वहीत डावीकडे छंग-यू आणि उजवीकडे जवळची मराठी म्हण, अशी तिची पद्धत आहे. परीक्षेत गुण चांगले पडतात. नोकरीत मात्र चिनी सहकाऱ्यांसमोर छंग-यू वापरली की समोरचा क्षणभर थबकतो, हसतो आणि विषय बदलतो. चुकतंय कुठे, आणि अजून किती पाठ करायच्या, असं तिने विचारलं आहे.

पाठांतरात काही चुकत नाहीये. चुकतंय ते वहीच्या उजव्या बाजूला. तिथे लिहिलेली मराठी म्हण ऐन वेळी दगा देते. गेली वीसेक वर्षं मी दुभाष्याचं आणि शिकवण्याचं काम करतो आहे, आणि हा धडा मला पहिल्याच वर्षी भर बैठकीत मिळाला.

चाकणच्या एका कारखान्यात कास्टिंगचा एक लॉट रिजेक्ट झाला होता. ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या धातूत हवेच्या पोकळ्या, निघाले होते. चिनी कंपनीचे दोन इंजिनिअर आले होते, आणि टेबलाच्या अलीकडे आपले क्वालिटीचे साहेब होते, तीस वर्षं फाउंड्रीत काढलेले. दोन दिवस नमुने आणि आकडे यांवर डोकेफोड झाली. शेवटी चिनी बाजूचे वयस्कर इंजिनिअर पाण्याचा घोट घेऊन शांतपणे म्हणाले, "वांग यांग पू लाओ." मेंढी हरवली, वाडा दुरुस्त करा. मला विचारसुद्धा करावा लागला नाही. लगेच म्हणालो, "ते म्हणतायत, बैल गेला अन् झोपा केला." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आता आम्ही काहीही केलं तरी उपयोग नाही, असंच ना? मग बसायचं कशाला?" चिनी इंजिनिअर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळेना, धीर दिला तर माणूस चिडला का. पुढचा अर्धा तास गाठ सोडवण्यात गेला, आणि ती गाठ मी घातली होती.

दोन्हीकडे चित्र एकच आहे. आपल्याकडे झोपा म्हणजे गोठ्याचं कुडाचं दार. तिकडे 'लाओ' म्हणजे जनावरं कोंडायची जागा, आणि 'यांग' म्हणजे मेंढी किंवा शेळी, चिनीत दोन्हींना एकच शब्द. जनावर गेलं, मग डागडुजी झाली. मराठी म्हण इथे थांबते आणि टोमणा मारते. चिनी वाक्प्रचाराला मात्र पुढे एक न बोललेला भाग आहे, तो ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप पुरा होतो : "तरी उशीर झालेला नाही." हा भाग 'चान क्वो त्स' या जुन्या ग्रंथात आहे. छू राज्याच्या श्यांग राजाला च्वांग शिन नावाच्या माणसाने बजावलं होतं, की अशी चैन चालू राहिली तर राज्य जाईल. राजाने ऐकलं नाही. शेजारच्या छिन राज्याच्या फौजांनी मुलूख घेतला, इ.स.पू. २७८ मध्ये राजधानी यिंगही पडली, राजा परागंदा झाला. मग त्याने च्वांग शिनला परत बोलावलं आणि विचारलं, आता काय करू? तो म्हणाला, लोकांत एक म्हण आहे : ससा दिसल्यावर कुत्र्याला हाक घातली तरी उशीर नाही, मेंढी हरवल्यावर वाडा दुरुस्त केला तरी वेळ गेलेली नाही. राजधानी गमावून बसलेल्या राजाला दिलेला हा धीर आहे. तो मी टोमणा करून टेबलापलीकडे पोचवला होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं : म्हणीला म्हण लावू नका. छंग-यूसमोर तिची गोष्ट लिहा, दोन ओळींत का होईना. चित्रं जुळतात म्हणून अर्थ जुळतोच असं नाही. उलट जिथे चित्र हुबेहूब जुळतं तिथेच घसरायला होतं, कारण तिथे आपण शब्दकोश उघडतच नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. मी चिनी उच्चार देवनागरीत लिहितो आहे तो मुद्दाम. रोमन लिपीत 'बी' लिहितात तो चिनी ध्वनी आपला 'प' आहे आणि 'पी' लिहितात तो 'फ'. 'डी' म्हणजे 'त' आणि 'टी' म्हणजे 'थ'. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्या कानात जन्मापासून आहे, तो रोमन अक्षरांच्या नादी लागून घालवू नका. सूर मात्र देवनागरीत येत नाहीत, ते ऐकूनच बसवावे लागतात.

गोष्ट माहीत असली तरी शब्द फसवतात. छंग-यू म्हणजे जुनी अभिजात चिनी भाषा चार अक्षरांत गोठलेली. रोजच्या चिनीत त्या अक्षरांचे अर्थ पुढे सरकले, छंग-यूत जुनेच राहिले. 'वांग यांग'मधला 'वांग' आज मृत्यूच्या शब्दात येतो, इथे त्याचा अर्थ 'हरवणे'. 'लाओ' म्हटलं की आज पहिल्यांदा तुरुंग आठवतो. 'फू थांग ताओ ह्वो' यातला 'थांग' म्हणजे आज सूप, आणि माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी "सुपात उतरणे आणि आगीतून चालणे" असं भाषांतर करतं. जुन्या भाषेत 'थांग' म्हणजे उकळतं पाणी. उकळत्या पाण्यात उतरेन, आगीतून चालेन, पण तुझं काम करेन, असा तो शब्द देण्याचा वाक्प्रचार आहे. 'त्सौ मा क्वान ह्वा' यातला 'त्सौ' आज चालणे, पूर्वी धावणे. घोडा दौडवत फुलं बघितली, म्हणजे वरवर नजर टाकली. घोडा चालवलात तर अर्थच उलटतो, कारण चालत्या घोड्यावरून फुलं चांगली दिसतील की. तेव्हा चारही अक्षरांचा जुना अर्थ एकेक करून बघायचा. यात वेळ जातो, पण पंधरा-वीस छंग-यू अशा फोडल्या की पुढच्या निम्म्या आपोआप उलगडतात, कारण तीच तीच जुनी अक्षरं पुन्हा भेटतात.

आता सगळ्यात नाजूक भाग : कोणी कोणाबद्दल बोलायचं. छंग-यूला रंग असतो. काही स्तुतीच्या, काही निंदेच्या, काही सपाट. चिनी शब्दकोशात तसा शेरा दिलेला असतो, आपण तो वाचत नाही. शिवाय काही फक्त स्वतःबद्दल बोलायच्या असतात. 'फाओ च्वान यिन यू' म्हणजे वीट फेकली आणि जेड रत्न आणलं. बैठकीत आपण आधी बोललो आणि आता इतरांनी त्याहून चांगले विचार मांडावेत, अशी नम्र विनंती म्हणून वक्ता हे स्वतःच्या बोलण्याला म्हणतो. माझ्या एका विद्यार्थ्याने पाहुण्यांचे आभार मानताना "आपण फाओ च्वान यिन यू केलंत" असं मोठ्या आदराने सांगितलं. सभागृहात शांतता पसरली. पाहुण्याचं अर्धा तासाचं भाषण म्हणजे वीट होती, असं तो म्हणून बसला होता.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. "गरिबाच्या घरी पायधूळ झाडा" हे यजमान म्हणतो. पाहुणा दारात उभा राहून "तुमच्या गरिबाच्या घरी आलो बरं का" म्हणाला तर काय होईल? 'फंग पी शंग ह्वेइ' नेमकी अशी आहे : तुम्ही आलात आणि आमच्या गवताकाडीच्या खोपटाला झळाळी आली. हे घरमालकानेच बोलायचं. वहीत अशा छंग-यूंपुढे मी लाल शाईने 'स्व' लिहायला लावतो.

रंगाच्या बाबतीत उलटीही गंमत होते. 'यू कोंग यी शान', मूर्ख म्हातारा डोंगर हलवतो. 'मूर्ख' शब्द बघून माणूस ही निंदा समजतो. पण घरासमोरचे दोन डोंगर खणायला निघालेला तो म्हातारा चिनी मनात चिकाटीचा पुतळा आहे. मी नाही तर माझी मुलं, ती नाही तर नातवंडं खणतील, डोंगर काही वाढणार नाही, हे त्याचं उत्तर शाळकरी पोरांनाही माहीत असतं. माओने १९४५ च्या जूनमध्ये पक्षाच्या अधिवेशनाच्या समारोपात हीच गोष्ट सांगितली आणि तिचं वजन आणखी वाढलं. उलट 'ताइ रुओ मू ची', लाकडी कोंबड्यासारखा स्तब्ध. च्वांग-त्स या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या मूळ गोष्टीत ही स्तुती आहे. झुंजीचा कोंबडा तयार करणारा माणूस राजाला दर दहा दिवसांनी सांगतो, अजून नाही, अजून त्याला गुर्मी आहे, अजून दुसऱ्याचा आवाज ऐकून तो चवताळतो. चाळीस दिवसांनी म्हणतो, आता तो लाकडाचा वाटतो, त्याला बघूनच दुसरे कोंबडे पळतात. आज मात्र याच चार अक्षरांचा अर्थ आहे भीतीने किंवा धक्क्याने थिजलेला माणूस. साहेबांच्या शांतपणाचं कौतुक करायला ही वापरू नका. गोष्ट माहीत हवी, पण ती आजवर कुठे पोचली आहे हेही माहीत हवं.

तसंच गाढवापुढे वाचलेल्या गीतेचं. 'त्वेइ न्यौ थान छिन', गाईपुढे छिन हे तंतुवाद्य वाजवणे, ही जोडी तुमच्या वहीत नक्की असणार. अर्थ बराचसा जुळतो, तेवढ्यापुरती ती चालेल. फरक गोष्टीच्या शेवटी आहे. वादकाने अभिजात राग वाजवला, गाय खाली मान घालून चरत राहिली. तिला ऐकू येत नव्हतं असं नाही, ते तिच्या कानाला रुचणारं नव्हतं, असं मूळ मजकूर सांगतो. मग त्याने डासमाशांची गुणगुण आणि हरवलेल्या वासराचं हंबरणं वाजवलं. गाईने शेपूट हलवली, कान टवकारले, पावलं टाकत ऐकू लागली. म्हणून चिनी माणूस हा वाक्प्रचार ऐकणाऱ्यालाही लावतो आणि ऐकणारा कोण हे न बघता बोलणाऱ्यालाही. आपल्या म्हणीत गाढव ते गाढवच राहतं. ही गोष्ट आली आहे बौद्ध धर्माची बाजू मांडणाऱ्या एका जुन्या चिनी पुस्तकातून. लेखकाला विचारलं गेलं, तुम्ही बुद्धाबद्दल सांगताना कन्फ्यूशियसच्या ग्रंथांतले दाखले का देता? ऐकणाऱ्याला जे कळतं त्यातच बोलावं, हे सांगायला त्याने गाय पुढे केली.

बौद्ध धर्माचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण हा कोपरा मला फार प्रिय आहे आणि मराठी विद्यार्थ्यांना इथे घरचं काही सापडतं. आंधळे आणि हत्ती ही आपली गोष्ट सूत्रांबरोबर तिकडे गेली आणि 'मांग रन मो श्यांग' झाली. 'वू थी थौ ती' म्हणजे पाच अंगं जमिनीला टेकवणे. श्वान त्सांग, आपण ज्याला ह्युएन त्संग म्हणतो आणि जो सातव्या शतकात महाराष्ट्रातूनही गेला, त्याने भारतीयांच्या आदर दाखवण्याच्या नऊ रीती नोंदवल्या आहेत. त्यातली नववी ही. आज कुणाची कमालीची तारीफ करायची असली की म्हणतात, 'फेइ फू त वू थी थौ ती'. आपल्या साष्टांग दंडवताच्या जवळची गोष्ट. फक्त आपला दंडवत पुष्कळदा उपरोधाने घातला जातो, "धन्य आहेस बाबा, साष्टांग नमस्कार तुला", तर त्यांचा बहुतेक वेळा मनापासूनचा असतो.

पण सगळ्यांत सुंदर आहे ती 'थान ह्वा यी श्येन'. फूल एकदा दिसलं. कुठलं फूल? 'थान' हे अक्षर 'यौ-थान-पो' या लिप्यंतराचा तुकडा आहे, आणि 'यौ-थान-पो' म्हणजे आपला उदुंबर. म्हणजे हा 'थान' आपल्या उदुंबरातला 'दुं' आहे! इ.स. ४०६ मध्ये कुमारजीव या बौद्ध भिक्षूने छांगआन या चिनी शहरात सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं. त्यात बुद्धाची अशी शिकवण उंबराच्या फुलासारखी क्वचितच कधी प्रकट होते, असं म्हटलं आहे. उंबराचं फूल फळाच्या आत असतं, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आपणही महिनोन्‌महिने न भेटणाऱ्या माणसाला म्हणतो, "काय रे, उंबराचं फूल झालास!" एकच झाड, एकच उपमा. पण चिनीत जोर दुर्मीळपणावरून सरकला आणि क्षणभंगुरपणावर गेला. दिसलं आणि गेलं. त्यात भर पडली एका दुसऱ्या झाडाची : अमेरिकेतून आलेलं, रात्री उमलून पहाटे मिटणारं निवडुंगाच्या जातीचं पांढरं फूल, त्यालाही चिनीत 'थान ह्वा' म्हणतात. आपल्या गॅलऱ्यांमध्ये, टेरेसवर लोक ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात आणि ज्याच्यासाठी शेजाऱ्यांना रात्री हाक मारून बोलावतात, ते हेच. आता 'थान ह्वा यी श्येन' म्हणायचं ते एका गाण्याने गाजून विसरल्या गेलेल्या गायकाला, वर्षभरात येऊन गेलेल्या धंद्याला. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राला उंबराचं फूल म्हणायच्या हेतूने ही ऐकवलीत, तर त्याला ऐकू येईल, "तुझे दिवस संपले." त्याच्यासाठी साधा शब्द आहे, 'शी ख', दुर्मीळ पाहुणा.

वाक्यातली जागा हा वेगळा विषय, पण थोडक्यात आटपतो. छंग-यू स्वतःच बहुधा पूर्ण झालेली असते, तिला पुढे कर्म चिकटत नाही. 'यी च्येन चोंग छिंग' म्हणजे पहिल्या नजरेत प्रेम. "मी यी च्येन चोंग छिंग तिला" असा क्रम विद्यार्थी लावतात, तो कानाला खटकतो. 'वो त्वेइ था यी च्येन चोंग छिंग', मी तिच्या बाबतीत, मग छंग-यू, असं म्हणावं लागतं. काही छंग-यू क्रियेमागे 'त' लावूनच शोभतात, काही 'त' लावून नामाच्या आधी येतात (हा 'त' वेगळ्या अक्षराचा). नियम पाठ करण्यापेक्षा प्रत्येक छंग-यूचं एक खरंखुरं वाक्य, चिनी माणसाने लिहिलेलं, जसंच्या तसं उतरवून घ्या. स्वतः बनवलेलं नको.

जन्माने चिनी बोलणारेही काही ठिकाणी चुकतात, हे वाचून धीर येईल. 'छा छ्यांग रन यी' म्हणजे बऱ्यापैकी समाधानकारक. इथे 'छा'चा जुना अर्थ 'थोडंफार' असा आहे, पण रोजच्या वापरात ते अक्षर 'कमी, वाईट' या अर्थाने येत असल्याने कित्येक जण ती 'असमाधानकारक' म्हणून वापरतात. चिनी शाळांत अशा चुका शोधायला लावणारे प्रश्न परीक्षेत असतात. सरकारचंही लक्ष असतं : २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसारण खात्याने जाहिरातींत छंग-यूंची मोडतोड करू नका, असं फर्मान काढलं. 'ख पू रोंग ह्वान', एक क्षणही उशीर नको, यातल्या 'क्षण' अर्थाच्या 'ख'ऐवजी जवळपास तोच उच्चार असलेलं 'खोकला' अर्थाचं अक्षर घालून कफ सिरपची जाहिरात चालत होती. मला ती कल्पना हुशारीची वाटते, पण मुलं तशीच लिहायला शिकतात ही शिक्षकांची तक्रारही खोटी नाही.

आता किती पाठ करायच्या. मोठ्या कोशांत अठरा हजारांच्या घरात नोंदी आहेत, तेव्हा संख्येमागे धावण्यात अर्थ नाही. बोलण्यासाठी साठ-सत्तर पक्क्या हव्यात, वाचनासाठी ओळखीच्या चार-पाचशे. आणि बोलताना एका संभाषणात एक, फार तर दोन. शिकलेला चिनी माणूससुद्धा चहाच्या टेबलावर छंग-यूंची माळ लावत नाही. त्या लेखात, मथळ्यात, भाषणात दाटीने येतात. गप्पांमध्ये तिथले लोक दोन-तीन अक्षरी साधे वाक्प्रचार जास्त वापरतात. मत्सर वाटला की "व्हिनेगर खाल्लं", वशिल्याने काम केलं की "मागच्या दाराने गेला".

गप्पांसाठी आणखी एक प्रकार शिका, 'श्ये-हौ-यू'. अर्धं कोडं, अर्धं उत्तर. पहिला भाग बोलायचा, थांबायचं, दुसरा समोरच्याने मनात पुरा करायचा. "भाचा कंदील धरतो", पुढे? "चाओ च्यौ", मामाला उजेड दाखवतो. 'च्यौ' म्हणजे मामा, आईचा भाऊच, काका नव्हे. आणि त्याच उच्चाराचा दुसरा 'च्यौ' म्हणजे जुना, म्हणून 'चाओ च्यौ'चा दुसरा अर्थ होतो 'पूर्वीप्रमाणेच'. कामाचं काय झालं? भाचा कंदील धरतो, म्हणजे जैसे थे. मामा-भाच्याचं नातं असलेल्या भाषेतल्या माणसाला हे चटकन भिडतं. याच प्रकारातलं "मुक्याने ह्वांग-ल्येन खाल्लं", त्या कडू मुळीची चव त्याला सांगता येत नाही, हे आपल्या तोंड दाबून बुक्क्यांच्या माराजवळचं. इथे जोडी लावलीत तरी हरकत नाही, कारण दोन्हीकडे दुःख गिळणाऱ्याची बाजू आहे. मुक्याच्या व्यंगाचा उल्लेख मात्र असतो, तेव्हा समोर कोण बसलं आहे ते बघून बोला.

वहीचं म्हणाल तर जुनी फेकू नका. उजवी बाजू पुन्हा लिहा : जुन्या अर्थाने फोडलेली अक्षरं, दोन ओळींची गोष्ट, रंग, कोण कोणाला म्हणतो, आणि एक खरं वाक्य. मराठी म्हण आठवत असेल तर ती सगळ्यांत शेवटी, आणि तिच्याखाली फरक. दोनशेपैकी आठवड्याला पाच जरी अशा केल्यात तरी वर्षभरात वही नवी होते.

त्या फाउंड्रीत मी अजून जातो. क्वालिटीचे साहेब निवृत्त झाले, पण लॉट अजूनही अधूनमधून रिजेक्ट होतात, आणि टेबलापलीकडून कुणीतरी हमखास म्हणतं, "वांग यांग पू लाओ." आता मी सांगतो, "गेला तो लॉट गेला, पुढचा वाचवू या, असं म्हणतायत."